तलावाच्या भिंतीवरचा सुपडा

परवा ती मालिका टीव्हीवर पुन्हा लागली. डोंगर खचून गाव गाडलं जातं, उरलेली माणसं वेड्यासारखी बसून राहतात, मग गाण्याचा एक मास्तर येतो, पेटी काढतो आणि हळूहळू सगळ्यांना गायला लावतो, अशी ती गोष्ट आहे. मास्तर देखणा आहे. चिखलात फिरतो पण धोतराला शिंतोडा नाही. गाणं झालं की माणसं एकमेकांच्या गळ्यात पडतात आणि आपण समजायचं की यांची भीती गेली. मी पाहत बसलो. घरात दुसरं कोणी नाही, आणि टीव्ही बंद केला की पत्र्यावरचा पाऊस ऐकू येतो.

भीती अशी जात नाही. आमच्या गावाची अजून गेलेली नाही. आभाळ भरलं की अजूनही बाया दारात येतात आणि वरच्या अंगाला, तलावाकडे पाहतात. पण आमच्याकडंही एक वाजवणारा होता. देखणा नव्हता. त्याच्याबद्दल कोणी मालिका काढणार नाही, म्हणून मीच लिहितो.

त्याचं नाव सुपडा. मोताळ्यापासून मलकापूरपर्यंत लग्नं वाजवणाऱ्या बँडमध्ये तो ट्रंपेट वाजवायचा. गाव त्याला ट्रंपेट म्हणत नसे, बाजा म्हणायचं, आणि सुपडाला सुपडा बाजेवाला. छाती कोठीसारखी आणि पाय काडीसारखे. वरच्या ओठाला मधोमध घट्टा पडलेला. सोनेरी पट्ट्याची लाल पँट लग्नातही तीच आणि वावरात निंदायला गेला तरी तीच. बँडची टोपी मात्र घडी करून खिशात ठेवायचा, बाजा तोंडाला लावायच्या आधी डोक्यावर घालायचा. बाजा चिंचेनं घासायचा. ओठाला तूप लावायची सवय होती, त्यामुळं कोणाच्याही दारात उभा राहून म्हणायचा, "वहिनी, बोटभर तूप." माझी बायको वच्छला त्याला चमचाभर द्यायची. त्यातलं तो बोटभर ओठाला लावायचा आणि बाकीचं चाटून टाकायचा. ती म्हणायची, ओठ तुमचा गालापर्यंत गेला काय हो सुपडूभाऊ.

माणसं तो त्यांच्या लग्नावरून ओळखायचा. सरपंच बाबुराव कितीही तोऱ्यात आले तरी सुपडा म्हणायचा, यांच्या वरातीत घोडा बसला होता, उठेच ना, शेवटी नवरदेवालाच घोडा ओढत न्यावा लागला. तहसीलचा साहेब गावात आला तर त्याला विचारायचा, साहेब तुमचं लग्न कोणी वाजवलं होतं.

आणि तो भित्रा होता. असा भित्रा माणूस मी जन्मात पाहिला नाही. कुत्र्याला भ्यायचा, पोलिसाला भ्यायचा, सुईला भ्यायचा. मोताळ्याच्या बाजारात बैल बांधतात त्या बाजूनं न जाता अर्ध्या बाजाराला वळसा घालायचा. पण त्यानं कधी लपवलं नाही. गावातले गडी भीती वाटली की आवाज चढवतात, शिव्या देतात. हा सरळ म्हणायचा, "मले भेव वाटते बापा, मी चाललो." आणि जायचा.

मग आमचा तलाव फुटला.

भर दिवसा फुटला, जेवणाच्या वेळी. वरच्या डोंगरात ढग फुटल्यासारखा पाऊस झाला होता आणि गावात नुसतं झिमझिम होतं. आधी ट्रक भरून येतो तसा आवाज आला. खालची आळी गेली. किती माणसं गेली ते गावाला पाठ आहे, मला मोजायला लावू नका. वच्छला पाणी भरायला गेली होती. तिनं हातपंपाला मिठी मारली आणि पाणी छातीला लागलं तरी सोडली नाही. शेजारची गोदा तिच्या समोरून वाहत गेली. गोदानं हात पुढं केला होता. वच्छलाचे दोन्ही हात पंपाला होते. पाणी उतरल्यावर तिघांनी मिळून तिची बोटं सोडवली.

सुपडाचं घर गेलं. तो बाहेर निघाला तेव्हा त्याच्याजवळ फक्त बाजा होता. लोक नंतर हिणवायचे की धान्य सोडून पितळ काढलं. तो म्हणायचा, म्या कशाचं काढतो, घासत बसलो होतो, हातातच राह्यला.

दिवाळीपर्यंत आम्ही टेकडीवरच्या शाळेत राहिलो. एकेका वर्गात सहा-सात घरं. मोठ्या वर्गात शाळेचा टीव्ही होता, आणि संध्याकाळी तीच मालिका लागायची. सगळ्या बाया तिथं. मीही जायचो, कारण वच्छला मला सोडून बसत नसे आणि टीव्हीसमोर तिचा श्वास जरा सावकाश चालायचा. सुपडा मागं भिंतीला टेकून बसायचा आणि मालिकेची निंदा करायचा.

"पेटी दगडाखालून काढली अन् लगेच सूर लागून राह्यला. माह्या बाज्यात धूळ गेली तरी बकरीवानी ओरडते."

बाया म्हणायच्या, गप बसा हो. तो थोडा वेळ गप बसायचा. मग पुन्हा म्हणायचा, "अन् याच्यात कोणी आभाळाकडे पाहून नाही राह्यलं. ज्याच्यावर गुजरली तो आधी वर पाह्यते. हे सारे मास्तरच्या तोंडाकडेच पाह्यतेत."

 ते खरं होतं. आम्ही सगळे टीव्ही पाहता पाहता खिडकीतून वर पाहायचो.

रोज निंदा करायचा आणि रोज सगळ्यांच्या आधी येऊन बसायचा. एके संध्याकाळी गोष्ट अशी चालली होती की ते गाव पहिल्यांदा एकत्र गाणार. मास्तरनं पेटीवर बोटं ठेवली. बायांनी पदर डोळ्याला लावून ठेवले. गाण्याची पहिली ओळ झाली आणि लाईन गेली. तेवढ्यात वरच्या अंगाला गडगडलं.

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. अंधारात नुसते श्वास ऐकू आले आणि माणसं उठल्याची खसफस. वर्गाला दार एकच. वच्छलानं माझा दंड धरला तो असा की तिच्या बोटांचे वळ दिवाळीनंतरही माझ्या अंगावर होते. खाली लेकरं निजलेली. दाराकडे पहिला लोंढा सरकला असता तर त्यातलं एक उरलं नसतं.

तेव्हा मागच्या भिंतीकडून बाजा वाजला. ते गाणं टीव्हीवर जिथं तुटलं होतं, नेमकं तिथून पुढं. एक सूर चुकला. त्यानं थांबून पुन्हा घेतला. दारातले लोक दारातच उभे राहिले. कोणीतरी विचारलं कोण आहे, आणि दुसरं कोणी म्हणालं, सुपडा हाय, बसा. एक म्हातारी त्याच्यामागून शब्द म्हणू लागली, मग आणखी दोघी-तिघी. बाहेर चार थेंब पडले आणि ढग निघून गेला.

लाईन आली तेव्हा बाबुराव लाल झालेले. ते सरपंच, शिवाय भजनी मंडळाचे म्होरके. म्हणाले, घराघरात सुतक आहे आणि तू बाजा वाजवतो, वरात आहे काय बे?

सुपडा म्हणाला, "सरपंच, मले भेव वाटलं. दात वाजून राह्यले होते. तोंडात बाजा घातला की वाजत नाहीत."

लोक हसले. तलाव फुटल्यावर आमच्या गावात पहिल्यांदा कोणी हसलं ते तेव्हा. बाबुरावही हसले, पण भिंतीकडे तोंड करून.

उन्हाळ्यात सरकारनं तलावाची भिंत पुन्हा बांधली. दगड लावले, वर मुरूम दाबला. साहेब लोक तिच्यावरून गाडी चालवून गेले आणि म्हणाले, आता काळजी नाही. भिंत पक्की झाली होती. पण डोळ्याला दिसली म्हणून पोटाला थोडीच पटते. मृग लागला आणि गाव बिघडलं. ढग आला की बाया चुलीवरची भाजी तशीच टाकून गाठोडं उचलून शाळेकडे निघायच्या. सोयाबीनमध्ये गवत माजलं. दोन घरांनी कुलूप लावून मलकापूर गाठलं, आणखी पाच-सहा घरं जायच्या बेतात होती. आमच्या घरात खुंटीवर एक लुगडं टांगलेलं नव्हतं. वच्छलानं सगळं गाठोड्यात बांधून दाराशी ठेवलं होतं. घरात ती उभीच असायची. बस म्हटलं तर म्हणायची, बसल्यावर उठायले वेळ लागते.

मारुतीच्या पारावर बैठक झाली. तलाव गावापासून वर, वळणाच्या आड. फुटला तर कळणार कसं हा प्रश्न होता. मोबाईलला पावसात रेंज राहत नाही. सुपडा मागून बोलला की मी बसतो भिंतीवर. पाऊस असला की वाजवत राहीन. बाजा वाजतो तोवर भिंत आहे असं समजा. बंद पडला की पळा.

बाबुराव म्हणाले, "तू? तू त बेडकाले भेतो."

"म्हणूनच म्हणतो ना. बहाद्दर माणूस पाणी येईलोक पाहत बसंल. मी आधीच पळीन."

 खरं सांगतो, गावाचा विश्वास बसला तो यामुळंच. कोणी शूर माणूस बसवला असता तर एका बाईनंही चूल पेटवली नसती.

तसा तो बसायला लागला. प्लास्टिकच्या ताडपत्रीचा तुकडा, खाली पोतं, डोक्यावर टोपी. अंधार पडल्यावर गावातले दोघे-तिघे बॅटऱ्या घेऊन वर जायचे, तोही त्यांच्यात बसायचा. वाजवायचं काय, तर त्याला येत होतं ते. सारी लग्नाची चाल. हळदीची, वरातीची, नवरी वाटे लावायची. खालून लोक ओरडायचे, दुसरं वाजव बे, सकाळपासून एकच नवरी वाटे लावून राह्यला. वच्छला कधी कधी निरोप पाठवायची की ते टीव्हीतलं वाजवा. तो वाजवायचा.

पण माणसाला दम असतो तेवढाच. दोन ओळी वाजवून तो थांबायचा, श्वास घ्यायचा. तो जो मधला वेळ असे तो मी कसा सांगू. तेवढ्यात गावात चमचा हलत नसे. वच्छलाचा हात परातीत भाकरीवर थांबायचा, बोटं पसरलेली, मान तलावाकडे. मग वरून सूर आला की भाकर तव्यावर पडायची. त्या पावसाळ्यात आमच्या गावातल्या सगळ्या भाकरी अशाच झाल्या, काही जाड, काही जळक्या. बिडी पेटवायला तो जास्त थांबायचा. लोकांना ते कळायला लागलं होतं. कोणीतरी म्हणायचं, बिडी हाय, बिडी हाय, आणि दुसरा म्हणायचा, हाव, पण काडी ओली असंल. बोलून बोलून तेवढा वेळ ढकलायचा.

मी एकदा चहा घेऊन वर गेलो तर त्याचे हात कापत होते. मी म्हटलं, अजून भेव गेलं नाही काय रे.

"जाईल कसं? बसतो कुठी ते पाहा ना," तो म्हणाला. चहा अर्धा सांडला आणि उरलेला प्याला.

आषाढ सरता सरता एक दिवस मी वावरातून आलो तर वच्छला खाली बसली होती. गाठोडं सोडलेलं. लुगडी खुंटीवर. मी काही बोललो नाही, बोललो असतो तर तिनं पुन्हा बांधलं असतं. तिला तेव्हा धाप लागायची. बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं, डॉक्टर म्हणाले छातीत पाणी झालं. ती हसून म्हणाली, आत बी शिरलं काय. औषधं सुरू झाली. मला वाटलं आता काय, घरात आहे, बसते, निजते. बाकी औषध करील.

श्रावणात झड लागली. आमच्याकडं झड लागली की पाऊस मोठा नसतो पण उघडत नाही, भिंती हिरव्या होतात, धुणं वाळत नाही. त्या दिवशी दुपारी वच्छला खाटेवर होती, तिला बोलायलाही दम पुरत नव्हता. वर बाजा चालू होता. आणि तो एका ओळीच्या मध्ये थांबला.

ओळ पुरी करून नाही. मध्येच.

आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. मी म्हटलं बिडी असंल. ती म्हणाली, ओळ सोडून नाही तो बिडी पेटवत. बाहेर कोणीतरी पळालं. मग सगळे पळाले. मी तिला पाठीवर घेतलं. कापसाच्या बोचक्याएवढी झाली होती. टेकडीच्या चढावर चिखल, माणसं पडत होती, उठत होती, शेळ्या पायात येत होत्या. बाबुरावच्या आईचा हात मोडला. एक बाई अर्ध्यातून उलटी फिरली, लेकरू पाळण्यात राहिलं म्हणून, आणि वर येणाऱ्या लोंढ्याला डोक्यानं ढकलत खाली जात होती. कोणी तिच्या मदतीला गेलं नाही. मीही नाही, माझ्या पाठीवर वच्छला होती आणि तिची बोटं माझ्या गळ्यात रुतली होती.

शाळेपाशी पोचलो आणि मागं पाहिलं. भिंत जागेवर होती. वरून तिचा वळणापलीकडचा भागही दिसतो. सुपडा तिच्यावर उभा होता. टोपी काढलेली, बाजा खाली धरलेला, मान खाली. भिंतीच्या पलीकडच्या वाटेनं वाडीवरचे लोक एक मयत घेऊन चालले होते, वरून चौघांनी ताडपत्री धरलेली. मयत वळणाआड गेली. सुपडानं टोपी घातली आणि बाजा तोंडाला लावून तुटलेली ओळ पुरी केली.

आख्खं गाव शाळेसमोर चिखलात उभं राहून ते ऐकत होतं. ती बाई लेकरू छातीशी घेऊन वर आली. लेकरू निजलेलं होतं. 

गाव त्याच्यावर तुटून पडलं. बाबुराव तर हात उगारून गेले. त्याला कशासाठी रागावतात तेच आधी कळेना. म्हणाला, मयत आडवी आली ना. बँडवाल्याला कोणी हे शिकवावं लागत नाही. वरात कितीही रंगात असो, समोरून मयत आली की बाजा खाली, टोपी हातात, ती पुढं जाईपर्यंत. त्याचा बाप तसंच करायचा, त्याचा आजाही. चाळीस वर्षं हात तसाच खाली आला होता, तो त्याही दिवशी आला. आपण आज वरातीत नाही, आपल्यावर गाव टांगलेलं आहे, हे त्याच्या हाताला माहीतच नव्हतं. हे त्याला उशिरा कळलं.

बाबुरावनी सांगितलं, उद्यापासून भिंतीवर चढू नको. तो चढला नाही. सरकारनं दिलेल्या पत्र्याच्या खोलीत बाजा फडक्यात गुंडाळून बसून राहिला. आणि गाव पुन्हा शाळेत गेलं. वच्छला भिंतीला टेकून बसली, मुठी आवळलेल्या, गाठोडं मांडीवर. औषध दिलं तर दात उघडत नव्हती. बाजूच्या बायांनी समजावलं, मी समजावलं, रागावलो. तिनं शेवटी एवढंच म्हटलं, सुपडूभाऊले बोलवा.

तो आला पण दारातच उभा राहिला. मान वर करीना.

"काऊन थांबले होते?" तिनं विचारलं.

"मयतीपुढं बाजा वाजवत नाहीत वहिनी."

"वाजोला त काय होते?"

"पाप लागते."

ती दम घ्यायला थांबली. मग म्हणाली, "तुमचा बाजा थांबला की मी पुन्हा त्या पंपाले धरून असते. गोदा समोरून जाते. रोज जाते. वाजून राह्यला की नाही जात." पुन्हा दम घेतला. "आता कोणाची बी मयत येवो, थांबू नका. माही आली तरी."

"असं बोलू नका वहिनी."

"थांबसान त तिरडीवरून उठून पळीन मी. मंग आणखी कोणाचे हात मोडतीन."

तो हसला, आणि हसता हसता त्याचं तोंड वाकडं झालं. तो हो म्हणाला नाही. मला नीट आठवतं, हो म्हणाला नाही. एवढंच म्हणाला, बोटभर तूप असलं तर द्या, ओठ फुटलेत. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी कोणाच्या तरी डब्यातून आणून दिलं.

त्याच संध्याकाळी तो बाबुरावला न विचारता वर गेला आणि वाजवायला लागला. बाबुराव शाळेच्या दारात येऊन ऐकत उभे राहिले, पण कोणाला पाठवलं नाही. दोन दिवसांनी एक घर खाली गेलं, मग दुसरं. वच्छलाला मी उचलून आणलं. लुगडी खुंटीवर टांगायला तिच्यानं होत नव्हतं, मी टांगली. ती खाटेवरून सांगत होती, ते हिरवं इकडे, ते तिकडे. त्यानंतर त्या वाटेनं कोणाची मयत आली नाही.

आली ती तिचीच. भादव्यात गेली. सकाळी चहा मागितला, मी करून आणेपर्यंत गेली. बाजा तेव्हा चालू होता, म्हणजे गोदा समोरून गेली नसेल असं मी धरून चालतो.

झड होतीच. आमचा मसणवटा तलावाच्या पलीकडे आहे, वाट भिंतीच्या पायथ्यातूनच जाते, दुसरी वाट नाही. बाबुराव म्हणाले, उघाड पडू द्या. पोरगी सासरहून आली होती, तीही म्हणाली बाबा थोडं थांबा. पण झड काही उघडत नव्हती आणि मयत ठेवायची तरी किती. पोरगा मला नाही, म्हणून विस्तवाचं मडकं मीच धरलं आणि पुढं झालो. खांदेकऱ्यांचे पाय जड झालेले मला मागून ऐकू येत होते. भिंतीखालून जायचं म्हटल्यावर त्या पोरांच्या तोंडावर रक्त नव्हतं. वर बाजा वाजत होता म्हणूनच ते चालत होते.

सुपडा त्याच आठवड्यात गाव सोडून गेला. त्याची छाती बिघडली होती, त्याची पोरगी येऊन त्याला मलकापूरला घेऊन गेली, आणि हिवाळ्यात तो तिथंच वारला. मी जाऊ शकलो नाही. त्यामुळं मी त्याला शेवटचं पाहिलं ते त्या दिवशी.

तिरडी अर्ध्या वाटेत एकदा खाली ठेवतात, खांदे बदलतात. आमच्या गावात ती जागा नेमकी भिंतीच्या पायथ्याशी आहे. तिथं तिला ठेवलं. वर पाहिलं तर सुपडा उभा होता. तो नेहमी गावाकडे तोंड करून असायचा, पाण्याकडे त्याला पाहवत नसे. त्यानं आम्हाला पाहिलं, आणि बाजा खाली आला.

सगळे थांबले. कोणी हललं नाही. पावसाचा आवाज आणि भिंतीच्या पलीकडचं पाणी दगडाला लागतं तो आवाज, एवढंच. माझ्या मागं एक खांदेकरी हळूच म्हणाला, काका, पळायचं काय?  मला वाटत होतं की ही पोरं आता तिला इथंच टाकून पळतील आणि ती एकटी राहील, भिंतीखाली, जिथं तिला सगळ्यात जास्त भीती वाटायची तिथं.

सुपडानं टोपी काढली. मग तो वळला, आमच्याकडे पाठ केली, पाण्याकडे तोंड केलं, आणि वाजवायला लागला. काय वाजवलं ते मला सांगता येत नाही. सूर फाटत होता, बकरीसारखा. पण तुटला नाही.

पोरांनी खांदे बदलले. तिरडी उचलली. मडकं धरणाऱ्यानं मागं पाहायचं नसतं, तरी मी वळणावर पाहिलं. पाण्यानं सदरा पाठीला चिकटलेला, कोपर वर, डोकं उघडं, टोपी काखेत दाबून धरलेली आणि बाजा तोंडाला. आम्ही पलीकडे उतरेपर्यंत तो वाजवत होता, आणि मी तिची चिता पेटवली तेव्हाही ऐकू येत होतं.